साताऱ्याचा मुक्काम, थंडी आणि अंग शेकणं: अभ्यंग, स्वेदन, स्टीम, काशाची वाटी

माहुलीचा घाट (धागाकर्ता)

साताऱ्याच्या भटकंतीच्या धाग्यावर थंडी पडली की तेच प्रश्न फिरून फिरून येतात. अभ्यंग-स्वेदन (अंगाला तेलाची मालिश आणि मग वाफेनं घाम काढणं) कुठल्या वेळेला करावं, स्टीम आधी की मालिश आधी, त्यानंतर कासच्या पठारावर गेलं तर चालेल का. उत्तरं मिळतात, पण ती कंदी पेढे आणि सज्जनगडच्या एसटीच्या वेळांत बुडून जातात. म्हणून हा वेगळा धागा. केंद्रांच्या जाहिराती नकोत. पद्धत, वेळ, तापमान आणि कुठे फसतं, एवढंच येऊ द्या.

सुरुवात वेळेपासून करतो, कारण बहुतेकांचं गणित तिथेच चुकतं. डिसेंबर-जानेवारीत साताऱ्यात दुपारचं ऊन झकास असतं, पण सूर्य यवतेश्वरच्या डोंगराआड गेला की हवा तासाभरात पालटते. पहाटे पारा बारा-तेरा अंशांवर येतो, कधी त्याच्याही खाली. बाहेरगावची मंडळी दिवसभर हिंडतात, संध्याकाळी सहा-सातला 'आता जरा रिलॅक्स होऊ' म्हणून उपचाराला जातात आणि आठला घामेजलेल्या अंगानं दुचाकीवरून पोवई नाक्याच्या वाऱ्यात बाहेर पडतात. त्वचेकडे रक्त आलेलं, कपडे आतून दमट, त्यावर वारा. घाम उडताना अंगातली ऊब ओढून नेतो. पाठ मोकळी व्हायला गेलेला माणूस मान आखडून घेऊन परततो आणि नावं मालिशवाल्याला ठेवतो.

त्यामुळे क्रम असा ठेवा: अजिंक्यतारा, चारभिंती वगैरे चढ-उतार सकाळी. साडेअकरा-बाराच्या सुमाराला हलकं जेवण. अडीच-तीनला उपचार. साडेपाचच्या आत खोलीवर. कास, ठोसेघर, सज्जनगड दुसऱ्या दिवशी उन्हात. स्वेदन करून त्याच संध्याकाळी महाबळेश्वर गाठायचा बेत तर नकोच. वेण्णा लेकच्या बाजूला थंडीत दवबिंदू गोठल्याच्या बातम्या दरवर्षी वाचतोच आपण.

निर्गुंडी

चांगला धागा. पंचकर्माच्या खोलीत काय व्हायला हवं ते सविस्तर लिहिते, म्हणजे समोर काय चाललंय ते बरोबर आहे की नाही ते तुम्हाला पडल्या पडल्या कळेल.

तेल: थंडीत तिळाच्या तेलावर बनवलेलं. महानारायण, बला, धन्वंतरम् ही नेहमीची. पूर्ण अंगाला साधारण १०० ते १५० मिली लागतं. तेल थेट गॅसवर तापवत नाहीत. गरम पाण्यात वाटी ठेवून चाळीस अंशांच्या आसपास आणतात. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकला तर उबदार लागावा, चटका नको. आता खरी मेख: थंडीत ती वाटी पाण्यातून काढून टेबलावर ठेवली की दहा मिनिटांत तेल निवतं. मान-पाठ छान कोमट तेलानं होते आणि पायांपर्यंत येईस्तोवर गार तेल अंगावर पडतं. वाटी शेवटपर्यंत गरम पाण्यात आहे का ते बघा. नसेल तर बिनधास्त सांगा, तो तुमचा हक्क आहे.

खोली: पंखा बंद, एसी बंद, दाराची फट बंद. लाकडी द्रोणी (तेलाच्या उपचारासाठीचं काठ असलेलं टेबल) असेल तर उत्तम. रेक्झिनचं टेबल असेल तर खाली सुती चादर हवीच, नाहीतर पाठ टेकवल्याबरोबर काटा येतो आणि मग आखडलेल्या स्नायूंवर पंधरा मिनिटं नुसती फुकट जातात.

क्रम: बसवून टाळू, कान, मान, खांदे. मग उताणं, एक कूस, पालथं, दुसरी कूस, पुन्हा उताणं, शेवटी बसवून. हातपायांवर लांब हात, केसांच्या दिशेनं. सांध्यांवर गोल. पोटावर घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं आणि अगदी हलकं. दोन जण दोन्ही बाजूंनी एकाच लयीत करत असतील तर ३५-४० मिनिटं, एकटा असेल तर ५० धरा. जोर लावणं हा अभ्यंगाचा हेतूच नाही. 'जरा रगडून करा' ही फर्माईश दुसऱ्या प्रकारच्या मालिशेसाठी राखून ठेवा.

स्वेदन: वाफेची पेटी असेल तर आत बसायचं, डोकं बाहेर, मानेभोवती टॉवेलची गुंडाळी (वाफ चेहऱ्यावर येऊ नये म्हणून), कपाळावर गार पाण्याची घडी. पेटीतलं तापमान ४० ते ४५ अंश. पहिल्यांदाच करत असाल तर आठ-दहा मिनिटं पुरे, सवय असलेल्याला पंधरा. घड्याळापेक्षा अंगाकडे लक्ष द्या. कपाळावर घामाचे थेंब आले, अंग हलकं वाटलं, आखडलेपणा गेला की थांबायचं. तहान तहान होणं, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, किंवा येणारा घाम अचानक थांबणं, यातलं काही झालं तर पेटी तात्काळ उघडायला लावा. 'अजून दोन मिनिटं' हा आग्रह कुणाचाही ऐकू नका.

त्यानंतर १५-२० मिनिटं पांघरूण घेऊन पडून राहायचं, कोमट पाणी घोट घोट. उठताना आधी कुशीवर, मग बसायचं, मग उभं राहायचं. उष्णतेनं रक्तवाहिन्या सैलावलेल्या असतात, एकदम उभं राहिलं की रक्तदाब उतरतो आणि माणूस न्हाणीच्या दारातच कोसळतो. त्यात पाय तेलाचे.

गारठलेला पुणेकर

पण मोठ्या हॉटेलांच्या स्पामध्ये आधी स्टीम देतात, मग मसाज. इथे उलटं. बरोबर कोण?

वाफेची पेटी

@गारठलेला पुणेकर, दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, कारणं वेगळी आहेत.

हॉटेलची स्टीम रूम सामायिक असते. तेल चोपडलेला माणूस आत बसला की बाक निसरडे, फरशी निसरडी, टाइल्सच्या सांध्यांत तेल, आणि पुढच्या माणसाचा पाय घसरणार. म्हणून ते स्टीम आधी ठेवतात. शिवाय गरम झालेले स्नायू लवकर सैलावतात, मालिश करणाऱ्याचे कष्टही वाचतात. पंचकर्मातली पेटी एका वेळी एकाची असते आणि प्रत्येकानंतर पुसली जाते, त्यामुळे तिथे तेल आधी चालतं. तेलाचा थर असल्यावर त्वचा वाफेनं कोरडी पडत नाही, आणि थंडीत साताऱ्याची कोरडी हवा बघता हा मुद्दा लहान नाही.

स्टीम आधी असेल तर एक पथ्य: बाहेर आल्यावर दहा मिनिटं कोरडं होऊन, अंग पुसून, घाम थांबल्यावरच टेबलावर जा. घाम वाहत असताना लावलेलं तेल नुसतं वर तरंगतं आणि हात सटकतात.

सॉना आणि स्टीम यांतला गोंधळही इथेच मिटवू. सॉना म्हणजे लाकडी खोली, तापलेले दगड, कोरडी हवा, ७० ते ९० अंश. स्टीम म्हणजे ४० ते ४५ अंश, पण हवा वाफेनं भरलेली. आकडा निम्मा असून स्टीम जास्त अंगावर येते, कारण घाम उडायला जागाच नसते, उलट वाफ त्वचेवर निवून आपली उष्णता अंगाला देते. दोन्हीकडे वरचा बाक जास्त गरम. नवख्यानं खालच्या बाकावर बसावं. अंगठी, साखळी, मंगळसूत्र, बांगड्या बाहेर. धातू तापतो आणि मानेला बरोबर त्याचा ठसा उठतो. कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवा. कुणी हौसेनं निलगिरीचं तेल वाफेच्या तोंडावर ओतत असेल तर दम्याच्या माणसानं तिथून उठावं. दोन-तीन थेंब पुष्कळ होतात.

जकुझी (फवारे असलेला गरम पाण्याचा टब) असेल तर पाणी ४० अंशांच्या वर नको. पंधरा मिनिटं.

निर्गुंडी

@वाफेची पेटी, बाकी पटलं. एक जोडते: स्टीम-मालिश-पुन्हा स्टीम असं 'पॅकेज' काही ठिकाणी देतात. त्याची गरज नाही. दुसऱ्या वाफेनं आराम मिळत नाही, थकवा येतो, आणि संध्याकाळी डोकं जड होतं. पैसे भरलेत म्हणून बसू नका.

टाकीवरचा सोलर

सगळे उपचारावर बोलताहेत, मला त्यानंतरच्या आंघोळीबद्दल लिहायचंय. साताऱ्यातल्या बऱ्याच लॉजवर आणि घरगुती मुक्कामांवर गरम पाणी सोलरचं असतं, आणि ते सकाळी सहा ते नऊ सोडतात. तुम्ही तेलानं माखून पाचला खोलीवर आलात की नळाला गार पाणी. बुकिंग करतानाच दोन प्रश्न विचारा: संध्याकाळी गरम पाणी मिळेल का, आणि गिझर किती लिटरचा.

हिशेब सोपा आहे. १५ लिटरचा गिझर ६० अंशांवर तापला, नळाचं पाणी २० अंश असलं, तर दोन्ही सारखं मिसळून ४० अंशांचं ३० लिटर होतं. म्हणजे दोन बादल्या. तेल काढायचं, डोकं धुवायचं तर एका माणसाला एवढं लागतंच. जोडीनं गेला असाल तर दुसऱ्यानं थांबावं. दोन किलोवॅटच्या गिझरला पुन्हा तापायला वीस-बावीस मिनिटं लागतात. तीन लिटरचा इन्स्टंट असेल तर तो मिनिटाला जेमतेम दोन लिटर पाणी वीस अंशांनी तापवतो. एक बादली भरायला सात-आठ मिनिटं, तोवर तुम्ही ओल्या अंगानं कुडकुडत उभे. अशा ठिकाणी आधी बादल्या भरून ठेवा, मग कपडे काढा.

केंद्रातच आंघोळीची सोय असेल तर ती घ्या, लाजू नका. तिथल्या न्हाणीत पायाखाली रबरी चटई असते, मोरीला जाळी मोठी असते. लॉजच्या मोरीत तेल आणि बेसन एकत्र गेलं की जाळीवर लगदा बसतो आणि पाणी घोट्यापर्यंत तुंबतं. बेसन किंवा मुगाचं पीठ दोन चमचे, तेही आधी हातानं अंगावरचं तेल निपटून, जुन्या कापडानं पुसून मग.

माहुलीचा घाट

हे सोलरचं एकदम नेमकं. वर धाग्यात जोडतो.

सुरक्षित अंतर

गंभीर मुद्दा, कृपया वरवर वाचू नका. जुन्या घरांतल्या मुक्कामांत न्हाणीघरातच गॅसचा गिझर बसवलेला असतो. थंडी म्हणून माणूस खिडकी लावतो, झरोक्यात कापड कोंबतो आणि अर्धा तास सावकाश न्हातो. बंद जागेत गॅस नीट जळत नाही, कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, मळमळतं, आणि माणूस आतच पडतो. स्वेदनानंतर तसंही थोडं गरगरत असतं, त्यामुळे शंकाही येत नाही. गिझर आत असेल तर आधी बादल्या भरा, गॅस बंद करा, दार उघडून हवा जाऊ द्या, मग न्हायला जा. झरोका उघडाच हवा.

खोलीत कोळशाची शेगडी ठेवून शेकण्याबद्दलही हेच. बाळंतिणीच्या शेकाची शेगडी आपल्याकडे परंपरेची, पण ती हवेशीर खोलीत आणि कुणीतरी जागं असताना. लॉजच्या बंद खोलीत, काचा लावून, झोपताना शेगडी नको म्हणजे नको.

कासार आळी

काशाच्या वाटीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. थंडीत फिरून दमलेल्या पायांना यासारखं सुख नाही, आणि हे खोलीवर स्वतःचं स्वतःलाही जमतं.

पाय कोमट पाण्यानं धुऊन, बोटांच्या बेचक्यांसकट कोरडे करा. एका तळव्याला चहाचा एक चमचा गाईचं तूप किंवा तिळाचं तेल. खोबरेल थंडीत टाळा. चोवीस-पंचवीस अंशांखाली ते थिजतं आणि साताऱ्याच्या संध्याकाळी बाटलीतून बाहेरच येत नाही. वाटीची पाठ तळव्यावर टेकवून आधी टाचेवर गोल, मग कमानीत लांब हात, मग चवड्यावर. दाब आपल्याला सोसेल एवढाच. एका पायाला दहा-पंधरा मिनिटं. वाटी चिकटून ओढायला लागली, कुरकुर आवाज आला की तूप संपलंय, अर्धा चमचा अजून घ्या. कोरडं घासत राहिलात तर कातडं सोलवटतं. शेवटी कोरड्या बेसनानं तळवा पुसून घ्या, मग कोमट पाणी, मग मोजे.

मशीनवाली पद्धतही हल्ली ठिकठिकाणी दिसते: काशाची थाळी खालून फिरते, वर पाय ठेवायचा. दाब कमी-जास्त करायचा खटका असतो, तो सुरुवातीला सगळ्यात कमीवर ठेवायला सांगा. टाचेला भेगा असतील किंवा बोटांत चिखल्या असतील तर मशीनवर बसू नका. थाळी आधीच्या गिऱ्हाईकानंतर पुसली का ते बघूनच पाय ठेवा.

चवड्यावर

आणि पाय काळा पडला की शरीरातली उष्णता निघाली असं समजायचं. जितका काळा तितकी जास्त.

कासार आळी

@चवड्यावर, हे सगळीकडे सांगतात, मशीनवाले तर हमखास. काळं होतं ते धातूमुळे. कासं म्हणजे तांबं आणि कथील. स्निग्ध पदार्थ लावून धातू घासला की त्याचे बारीक कण सुटतात आणि तूप-घामाबरोबर करडा-काळा लेप होतो. जाड सुती कापडाला तूप लावून तीच वाटी दहा मिनिटं घासा, कापडही काळं होईल, आणि कापडाला काही पित्त नसतं. घाम आम्लधर्मी असेल, वाटी नवी असेल, दाब जास्त असेल तर रंग जास्त. आराम खरा आहे, रंगाचा हिशेब मात्र सोडून द्या.

चवड्यावर

कापडाचं करून बघतो. :)

देशी दवा

पोटलीबद्दल, म्हणजे कापडात बांधलेल्या गरम गाठोड्यानं शेकण्याबद्दल. केंद्रात 'पोटली मसाज' म्हटलं की तीन वेगळे प्रकार असू शकतात. कुठला ते आधी विचारून घ्या.

पत्रपोटली: निर्गुंडी, एरंड, शेवगा, रुई यांसारखा पाला चिरून, त्यात किसलेलं ओलं खोबरं, लिंबाच्या चकत्या, थोडं सैंधव, हे सगळं तिळाच्या तेलात खोबरं तांबूस होईपर्यंत परततात. साधारण ३०० ग्रॅमची एक अशा दोन पोटल्या बांधतात. एक अंगावर, एक तव्यावर, आलटून पालटून. थंडीतल्या आखडलेल्या कंबर-खांद्यांना हा प्रकार सगळ्यात चांगला लागू पडतो, असं माझं मत.

चटका बसतो तो इथे: पोटली तव्यावर दाबून ठेवली की तळाशी कडक तेल साठतं. अनुभवी माणूस ती उचलून आधी तव्याच्या काठावर दोनदा आपटतो, स्वतःच्या हाताच्या पाठीवर टेकवतो, आणि पहिल्या दोन-चार वेळा अंगावर ठेवून न राहता झटपट उचलतो. थोडी निवल्यावर मग दाबून फिरवतो. जो तव्यावरून थेट पाठीवर ठेवेल त्याला तिथेच थांबवा.

वालुका पोटली: भाजलेली वाळू. ही कोरडी असते, सूज आणि जडपणासाठी, आणि तेल न लावता. आधी तेलाची मालिश आणि वर वाळूची पोटली असं कुणी करत असेल तर त्याला प्रकार माहीत नाही. तेलाच्या थरावर गरम वाळू म्हणजे भाजण्याला आमंत्रण.

षष्टिकशाली: साठेसाळीचा तांदूळ दुधात आणि बलामुळाच्या काढ्यात शिजवून. मऊ, पौष्टिक, अंगाला चिकट. याला वेळ आणि खर्च दोन्ही जास्त, आणि हा एका दिवसाचा खेळच नाही. दोन दिवसांच्या सहलीत उगाच घेऊ नका. शिरोधारेचंही (कपाळावर तेलाची धार) तसंच: छान झोप लागते, पण ती ऊब देण्यासाठी नसते, आणि नंतर तेलकट-ओलं डोकं घेऊन थंडीत निघावं लागतं. करायचीच तर कानटोपी बरोबर हवी.

वाफेची पेटी

हॉट स्टोनचं एक वाक्य जोडतो. काळे गुळगुळीत बेसाल्टचे दगड पाण्यात ५०-५५ अंशांवर ठेवतात. हातात घेऊन फिरवत राहिले तर ठीक. अंगावर नुसते ठेवायचे असतील तर मधे टॉवेलची घडी हवी. दगड वरून निवल्यासारखा वाटला तरी पोटात उष्णता धरून असतो, एकाच जागी राहिला की फोड.

निर्गुंडी

कुणी काय टाळायचं ते एकत्र लिहिते, म्हणजे प्रत्येक पोस्टखाली विचारायला नको.

गरोदरपणात स्टीम, सॉना, जकुझी, पेटी काहीही नको. ताप असताना नको. हृदयविकार किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर वाफेनंतर चक्कर यायची शक्यता जास्त. जुना मधुमेह असेल आणि तळव्यांची संवेदना कमी झाली असेल तर गरम पाणी, पोटली, दगड यांचा चटका कळतच नाही. पायांना फक्त कोमट तेल, बाकी काही नाही. पायाच्या फुगलेल्या शिरांवर दाब नको. पिंडरी एकाच पायाची दुखते, सुजली, गरम लागते असं असेल तर मालिश बिलकूल करू नका, थेट डॉक्टर गाठा. लांबच्या बसप्रवासानंतर ही तक्रार असेल तर अधिकच जपा, शिरेत गाठ असू शकते. पाळीच्या दिवसांत पेटी टाळतात. मद्य घेतलं असेल तर त्या दिवशी बुकिंग रद्द.

पोट भरलेलं नको, अगदी रिकामंही नको. जेवणानंतर दोन-अडीच तास. नंतर संध्याकाळी मुगाची खिचडी, वर तूप, सोबत कढण किंवा आल्याचं काही. कंदी पेढे दुसऱ्या दिवशी पळून जात नाहीत.

गारठलेला पुणेकर

केंद्र निवडायचं कसं? सगळ्यांच्या पाटीवर 'केरळीय' लिहिलेलं असतं.

देशी दवा

पाटीवर जाऊ नका, चार गोष्टी विचारा. एक, वैद्य जागेवर आहेत का, आणि महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनचं नोंदणीपत्र भिंतीवर आहे का. उपचाराआधी नाडी, रक्तदाब, आजार, औषधं विचारली नाहीत तर ते नुसतं मालिश केंद्र समजा. तेवढंच हवं असेल तर तसंही हरकत नाही, पण मग पंचकर्माचा दर देऊ नका. दोन, तेल कुठलं, बाटली सीलबंद दाखवतात का, आणि द्रोणीत उरलेलं तेल पुढच्याला वापरत नाहीत ना. हे तोंडावर विचारायला संकोच वाटत असेल तर 'उरलेलं तेल मी बरोबर नेऊ का' असं विचारा, उत्तरावरून कळतं. तीन, बाईंना बाई आणि पुरुषाला पुरुष. चार, दरात तेल, स्वेदन, आंघोळ धरलीय का. वरवर स्वस्त दिसणाऱ्या दरात तेल वेगळं लावतात.

कृष्णाकाठ सांगली

सांगलीकडून दोन शब्द. इकडे सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात 'मालिश' म्हटलं की अनेकांच्या डोक्यात तालमीतली रगड असते. ती पैलवानाच्या मेहनत केलेल्या अंगासाठी आहे: कोपर, गुडघा, सगळा भार. बैठ्या कामाच्या माणसानं हौसेनं करून घेतली तर दोन दिवस जिना उतरवत नाही. करायचीच असेल तर मणक्यावर, मानेच्या पुढच्या बाजूला आणि गुडघ्यामागच्या खळगीत दाब द्यायचा नाही, एवढं आधीच सांगून ठेवा.

दुसरं, उटण्यातली हळद. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, अभिमान आहेच, पण ती लॉजच्या पांढऱ्या टॉवेलवर लागली की दंड तुमच्या बिलात. साबण लावला की डाग पिवळ्याचा लालसर होतो आणि माणूस घाबरून अजून घासतो. साबण क्षारधर्मी असतो म्हणून रंग पालटतो, बाकी काही नाही. नीट खळबळून कडक उन्हात वाळत घाला, एक-दोन उन्हांत फिका पडतो. पण मुळात घरून जुना पंचा, जुनी लुंगी किंवा गाऊन आणि एक सुती ओढणी आणा. तेलाच्या दिवशी लॉजच्या चादरीवर स्वतःची चादर अंथरा.

माहुलीचा घाट

ज्यांना केंद्रात जायचंच नाही त्यांच्यासाठी खोलीवर करता येणारं काही?

निर्गुंडी

गरम पाण्यात पाय. निसर्गोपचारातला जुना आणि बिनखर्चाचा उपाय, पण नीट केला तरच.

आधी एक पेला साधं पाणी प्या. खुर्चीवर बसा, पोटरीच्या मध्यापर्यंत बुडतील एवढी खोल बादली घ्या. पाणी सुरुवातीला ४० अंश, कोपरानं बघितलं तर सुखद गरम. खांद्यापासून बादलीसकट ब्लँकेट लपेटून घ्या, कपाळावर गार पाण्याची घडी. दर तीन-चार मिनिटांनी तांब्याभर गरम पाणी बादलीच्या कडेनं घाला, पायावर नाही. ४३ अंशांच्या वर जाऊ नका. दहा ते पंधरा मिनिटांत कपाळावर घाम येतो. मग पाय बाहेर, गार पाण्याचा एक झपका, लगेच कोरडे करून मोजे आणि अंथरूण. फसतं ते दोन कारणांनी: ब्लँकेट न घेतल्यानं पाय गरम आणि पाठ गार राहते, किंवा पाणी निवू दिलं जातं. गार झालेल्या पाण्यात पाय ठेवून मोबाइल बघत बसलात तर आहे ती ऊबही जाते. मधुमेहींची वरची सूचना इथेही लागू.

घरी कुकरची शिटी काढून रबरी नळीनं वाफ घेणारे असतात, म्हणून तेही सांगते. पाला सुटा टाकू नका, फडक्यात बांधून टाका. एखादं पान वाफेच्या तोंडात अडकलं की कुकर दाब धरतो. पाणी निम्म्याच्या खाली. नळीतून आधी उकळतं पाणी टपकतं, ते बादलीत जाऊ द्या, मग अंगाकडे वळवा, तेही हातभर लांबून. आणि हे लॉजवर करू नका, घरीच.

घाटमाथा

अवांतर: नैसर्गिक गरम पाणीच हवं असेल तर सातारा जिल्ह्यात शोधत बसू नका, घाट उतरा. रस्ता असा: उंब्रज, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण, आणि पुढे मुंबई-गोवा महामार्गावर आरवली. संगमेश्वरच्या बाजूला तुरळ, राजवाडी. गंधकाचा वास असतो, चांदीचे पैंजण-अंगठी काढून ठेवा, काळे पडतात. दहा-पंधरा मिनिटांच्या वर डुंबू नका. सकाळी लवकर निघा आणि परत येताना चालक असा ठेवा जो पाण्यात उतरलेला नाही. गरम पाण्यानंतर जी गुंगी येते ती घाटात परवडत नाही.

टाकीवरचा सोलर

शनिवार-रविवारी येणाऱ्यांसाठी: उपचाराची वेळ फोनवर पक्की करताना 'शेवटचा पेशंट किती वाजताचा' असं विचारा आणि त्याच्या निदान दोन पेशंट आधीची वेळ घ्या. शेवटच्याला नंतरची वीस मिनिटं पडून राहू देत नाहीत, दिवे मालवायची घाई असते. आणि रिक्षा आधीच सांगून ठेवा, दारात येऊन थांबेल अशी.